ब्रेक कोणी दाबला

हात्सुएताईंच्या गाडीत बसायचं तर आधी बुटांवरचं बर्फ झटकायचं, मग मांडीवर मुळ्यांचं पोतं घ्यायचं आणि मग तोंड बंद ठेवायचं, हे वरच्या वाडीतल्या प्रत्येक बाईला पाठ आहे. तोंड बंद ठेवायचं, कारण बोलायचं काम ताईंचं. एक्क्याऐंशीची बाई, माझ्या खांद्याला लागते. बुडाखाली दोन उशा घेतल्याशिवाय तिला काचेतून रस्ता दिसत नाही. पण वाडीच्या चढावर गिअर असा टाकते की बघत राहावं.

गाडी म्हणजे आमच्याकडे घरटी एक असतो तसला छोटा पांढरा ट्रक. मागे उघडा हौदा, पुढे दोनच जागा. त्यामुळे ताई बायकांना एकेक करून खाली आणायच्या. आधी मित्सुए, मग किकुनो, मग जी कोण तयार असेल ती. ताई स्वतः शेवटी पाण्यात उतरायच्या तेव्हा मित्सुएची बोटं सुरकुतून गेलेली असायची. मागे हौद्यात बसवा म्हणून मित्सुएनं एकदा हट्ट धरला होता. ताई म्हणाल्या, पोलीस मला धरतील आणि थंडी तुला, त्यापेक्षा थांब.

मी खालच्या गावात गरम झऱ्यावरच्या न्हाणीघरात गल्ल्यावर बसते. डावीकडे पुरुषांचा पडदा, उजवीकडे बायकांचा, मधोमध मी. समोरच्या खिडकीतून अंगण दिसतं आणि आतली मधली भिंत छतापर्यंत गेलेली नाही, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू येतं. ज्यानं ती भिंत अर्धवट सोडली त्याचं देव भलं करो, कारण माझा हिवाळा तिच्यावरच निघतो.

आमच्या डोंगरात बर्फ पडायला लागलं की छपराला टेकतं. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, घरात भरदुपारी दिवा. वाडीतल्या बायका एकमेकींचं तोंड बघतात ते माझ्या न्हाणीघरात. बस खालच्या रस्त्यानं जाते, तिथवर त्या वयात बर्फातून चालत येणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. घरोघरचे ट्रक पुरुषांच्याच हातात, म्हणजे हात्सुएताईंचा ट्रक आहे तोवर वाडीतल्या बायकांना न्हाणं आहे, गप्पा आहेत, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी आहेत. ट्रक बंद की सगळं बंद.

ताईंचे यजमान तोकुजिरो. पर्सिमनच्या झाडाला धडक दिल्यावर त्यांनी स्वतःचं लायसन पोलिसांत जमा केलं. गाडीविषयीचं मत मात्र जमा केलं नाही. शेजारी बसून ते इतक्या सूचना द्यायचे की ताई म्हणायच्या, मला दोन गाड्या चालवाव्या लागतात, एक हातानं आणि एक कानानं.

तर या तोकुजिरोंचा, आणि खरं म्हणजे वाडीतल्या सगळ्याच पुरुषांचा, एक नेम होता. ज्या दिवशी घराला फळ्या ठोकायच्या त्याच दिवशी ट्रकचं फोर-व्हीलचं बटण दाबायचं. मग चारही चाकांना जोर मिळतो आणि ट्रक चढ चढतो. वसंतात फळ्या उतरल्या की बटण सोडायचं. लोकरीचे कपडे पेटीतून काढावेत आणि परत ठेवावेत, तसं ते चालायचं. मध्ये कोणी त्याला हात लावायचा नाही. एका हिवाळ्यात मुळ्याच्या पोत्याचा धक्का लागून बटण सुटलं आणि ट्रक उतारावरून मागे घसरत शेतात गेला. तेव्हापासून तोकुजिरो बटणावर जाड चिकटपट्टी लावायचे, आणि बटणाशेजारचा दिवा डोळ्यांत जातो म्हणून त्याच्यावर देवळातला ताईत टांगायचे. तिथे काय आहे हे मग ताईसुद्धा विसरून गेल्या.

इतकी वर्षं काही बिघडलं नाही, कारण वाडीपासून माझ्या दारापर्यंत सगळं बर्फच असायचं. पण बर्फावरून चालताना न्हाणीघराच्या अंगणात बायका घसरून पडायच्या. म्हणून ताईंनी गावकचेरीत खेटे घालून घालून, साहेबाच्या डोक्यावर मिऱ्या वाटून, यंदाच्या शरदात पाण्याची नळी मंजूर करून आणली. मोठ्या रस्त्याला ती कधीचीच होती. रस्त्यात पुरलेल्या नळीच्या भोकांतून जमिनीतलं कोमट पाणी उडत राहतं आणि बर्फ टिकत नाही. आता खालच्या गावाच्या वेशीपासून माझ्या अंगणापर्यंत ओलं काळं डांबर दिसायला लागलं. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बर्फाच्या भिंती आणि मध्ये स्वच्छ रस्ता. ताई इतक्या खूश झाल्या की पहिल्या दिवशी त्यांनी उगाच एक फेरी जास्त मारली.

आणि त्याच अंगणात ट्रक अडायला लागला.

मी खिडकीतून बघायचे. ताई आत शिरायच्या, गाडी लावायला चाक पूर्ण वळवायच्या, आणि ट्रक मागून कोणीतरी धरल्यासारखा थांबायचा. ताई जोर द्यायच्या. ट्रक दोन उड्या मारायचा, कण्हायचा आणि बंद पडायचा. शेजारी बसलेलीचं कपाळ काचेवर. पहिल्यांदा हसलो आम्ही. चारपाचदा झाल्यावर हसू ओसरलं. गावातली माणसं हळूच म्हणायला लागली की म्हातारीचा पाय चुकतोय, अ‍ॅक्सिलरेटरऐवजी ब्रेकवर पडतोय. उद्या ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला तर काय?

तोकुजिरो तर ठामच होते. मी शेजारी बसतो, मला कळत नाही होय, असं ते गावभर सांगत सुटले.

नवीन वर्षाला मुलगा आला. शुइची, तिकडे शहरात, सायतामात असतो, नोकरी चांगली, स्वभाव मऊ. त्यानं आईच्या शेजारी बसून फेरी मारली. घाटाचा उतार ताईंनी सुरेख काढला, आणि अंगणात वळताना ट्रकनं परत तीच गंमत केली. मी दारात फावडं घेऊन उभी होते, काच खाली होती, सगळं ऐकलं.

"आई, तू ब्रेक दाबलास," शुइची म्हणाला.

"नाही दाबला."

"दाबलास, पण तुला आठवत नाहीये. होतं असं वयानं."

ओरडला असता तर ताईंनी त्याला तिथेच सोलला असता. पण तो प्रेमानं बोलला, आणि त्याचंच वाईट झालं. ताई गाडीतून उतरल्या. माझ्याकडे आल्या, पावती घेतली, आणि बूट काढून ठेवताना आपल्या उजव्या पायाकडे बघत बसल्या. मला म्हणाल्या, "मला वाटतं मी नाही दाबला. पण आता मला माझ्याच पायाची खात्री राहिली नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोणावर काढू ते कळेना, म्हणून मी पुरुषांकडच्या बाजूचे गरम हवेचे पंखे बंद केले.

घरात ठरलं. सुट्ट्या संपून पोलीस कचेरी उघडली की सोमवारी ताईंनी लायसन जमा करायचं आणि ट्रक भाच्याला द्यायचा. ताई हो म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा तोकुजिरोंच्या एखाद्या बोलण्याला त्या लगेच हो म्हणाल्या, आणि तोकुजिरो म्हणे जरा घाबरलेच.

वाडीतल्या बायकांनी माझ्या गल्ल्याभोवती कोंडाळं केलं. मित्सुए सगळ्यांत धीट आणि सगळ्यांत रुंद. ती म्हणाली, भांडण पायाचं आहे ना, मग पायच बघू. दुसऱ्या दिवशी ट्रक अंगणात आला तर शेजारच्या जागेवर कोणीच दिसेना. मला वाटलं ताई रिकाम्याच आल्या. ट्रक वळला, अडला, दोन उड्या मारून बंद पडला, आणि आतून खालून आरडाओरडा ऐकू आला. धावत जाऊन दार उघडते तर मित्सुए जागेच्या खाली, पाय ठेवायच्या खोबणीत, हातात विजेरी घेऊन दुमडून बसलेली. डोक्यावर मुळ्यांचं पोतं. ती आत कशी मावली ते तिलाही सांगता येईना आणि बाहेर कशी काढायची ते आम्हाला कळेना. शेवटी किकुनोनं एक हात धरला, मी दुसरा, आणि बूच निघाल्यासारखी ती बाहेर आली. आली तीच ओरडत, की पाय ब्रेकवर नव्हता, माझ्या डोळ्यांदेखत नव्हता.

आम्ही हसून हसून बर्फाच्या भिंतीला टेकलो. ताईसुद्धा हसल्या. पण संध्याकाळी मित्सुएची साक्ष घरी पोचली तेव्हा तोकुजिरो म्हणाले, मैत्रिणीची साक्ष कोण धरतं. शुइचीनं तर मित्सुएकाकूंना पाठदुखीचं मलम पाठवून दिलं. फार भला मुलगा. त्याच्या भलेपणाचा मला वैताग आला होता.

रविवार उजाडला. सोमवारच्या आधीचं शेवटचं न्हाणं. शुइची म्हणाला, आज आईनं चालवायचं नाही, सगळ्यांना मीच एकेक करून सोडतो. तोकुजिरो सकाळीच शेजाऱ्याच्या गाडीतून येऊन पाण्यात पडले होते. शुइचीच्या पहिल्या फेरीत शेजारी बसल्या ताई, मांडीवर पोतं घेऊन, तोंड बंद ठेवून.

मी खिडकीतच होते. शुइची ऐटीत आत आला. चाक पूर्ण वळवलं. ट्रक अडला. शुइचीनं जोर दिला. ट्रकनं दोन उड्या मारल्या, कण्हला आणि बंद पडला.

मी गल्ला उघडा टाकून बाहेर पळाले. ताईंनी मुलाकडे मान वळवली होती. आवाज अगदी शांत.

"शुइची, पाय कुठे होता रे?"

"ब्रेकवर नव्हता, आई."

"नसेल. तुला आठवत असेल तर नसेलच."

शुइची कानापर्यंत लाल झाला. पुन्हा चालू केलं, पुन्हा वळला, पुन्हा बंद. चाक सरळ केलं की ट्रक शहाण्यासारखा चालायचा, वळवलं की हटून बसायचा. आरडाओरडा ऐकून तोकुजिरो पंचा गुंडाळून, अंगातून वाफा काढत पायरीवर आले आणि तिथूनच सूचना सुरू. क्लच असा सोड, दुसऱ्यात टाक, तुम्हा शहरातल्या लोकांना चालवताच येत नाही. शुइची इतका मऊ माणूस, पण त्याचीही सहनशक्ती संपली. बापावर ओरडता येईना म्हणून तो गाडीतल्या वस्तू ओढायला लागला. पोतं काढून बाहेर दिलं. उशा काढल्या. ताईत काढला तर त्याच्यामागे हिरवा दिवा पेटलेला.

हे काय आहे, त्यानं विचारलं. तोकुजिरो पायरीवरून म्हणाले, "त्या पट्टीला हात लावायचा नाही. ती वसंतातच निघते." शुइचीनं पट्टी ओढली. खाली बटण. त्यानं दाबलं, ट्रक जरा मागे घेतला, आत कुठेतरी खटकन आवाज आला आणि हिरवा दिवा विझला. मग त्यानं चाक पूर्ण वळवलं.

ट्रक फिरला हो. लोण्यातून सुरी जावी तसा फिरला. शुइचीला खरंच वाटेना, म्हणून त्यानं अंगणाला पूर्ण एक चक्कर मारली. मग दुसरी. मग उलट्या बाजूनं. पाणी उडत होतं, न्हायला आलेल्या खालच्या गावातल्या बायका आणि मी भिजत होतो आणि टाळ्या वाजवत होतो. ताईंनी त्याला थांबवलं, खाली उतरवलं, दोन्ही उशा परत मागितल्या आणि स्वतः बसल्या. मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. एक्क्याऐंशीची बाई माझ्या अंगणात ट्रकनं गोल गोल फिरत होती, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, खिडकीतून हात बाहेर काढून, आणि लहान मुलीसारखी खिदळत होती. तोकुजिरोंचा पंचा सुटायला आला तरी त्यांना भान नव्हतं.

शुइचीनं गॅरेजवाल्याला फोन लावला. त्यानं सांगितलं ते ताईंनीच मग आम्हाला समजावलं. देवळाची पालखी कोपऱ्यावर वळते तेव्हा पुढच्यांना लांबून जावं लागतं आणि मागच्यांना थोडंच. पुढच्यांनी जरा पळायचं असतं. बटण दाबलं की पुढची आणि मागची चाकं एकाच दांड्याला जुंपली जातात, कोणी पळायचं नाही, सगळ्यांनी सारखंच चालायचं. बर्फावर पाय घसरतो म्हणून भागून जातं. पण डांबरावर घसरायला जागा नाही, मग पालखी अडते. म्हणून बर्फ संपलं की बटण सोडायचं आणि बर्फ लागलं की दाबायचं. आता वरच्या वाडीतली प्रत्येक गाडी पाण्याच्या नळीपाशी क्षणभर थांबते, पण त्या दिवशी हे कोणालाच माहीत नव्हतं. एवढं साधं, आणि त्याच्यापायी एका बाईचा पाय गुन्हेगार ठरला होता.

तोकुजिरो तोवर गुपचूप आत जाऊन पाण्यात गळ्यापर्यंत बसले होते. शुइची बाकीच्या बायकांना आणून मग त्यांच्या मागोमाग गेला. ताई, मित्सुए, किकुनो बायकांच्या बाजूला. मी फरशी पुसायच्या निमित्तानं बादली घेऊन बायकांकडे शिरले. आज गल्ल्यावर बसेल तो वेडा.

भिंतीपलीकडे वाडीतले दोघं आणखी होते. भातशेतीवाले गेन्साकु आणि वाडीचे प्रमुख यासुताके. शुइचीनं त्यांना पट्टीची हकीकत सांगितली. मग गेन्साकु खोकले आणि म्हणाले, म्हणजे माझाही ट्रक इथे अडतो तो त्यामुळेच की काय?

आमच्या बाजूला सगळ्या जणी पाण्यात थिजल्या.

गेन्साकु सांगायला लागले. नळी आल्यापासून अंगणात वळताना त्यांची गाडी बंद पडायची. त्यांना वाटलं आपलं आता संपत आलं. म्हणून ते अंधार पडल्यावर यायचे आणि गाडी पार रस्त्याच्या कडेला लावून चालत यायचे, कोणाला कळू नये म्हणून. दोनदा पडलेसुद्धा. मग यासुताके बोलले. ते जास्तच खालच्या आवाजात, पण आमची भिंत मोठी गुणी. त्यांचाही ट्रक अडायचा. त्यांना वाटलं हात थरथरतायत, त्यांनी साकेची दारू सोडली. नवीन वर्षाच्या जेवणात गरम पाणी प्यायले आणि बायकोला सांगितलं पोट बिघडलंय. मग चष्मा बदलला. परवा मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं होतं.

मित्सुएनं तोंडावर पंचा धरला तरी हसू फुटलंच. तिचं ऐकून किकुनोला फुटलं, मग मला, मी बादलीसकट खाली बसले. अख्ख्या वाडीतले पुरुष महिनाभर एकेकटे लपून म्हातारे होत होते. प्रत्येकाची गाडी अडत होती आणि प्रत्येक जण हात्सुएताईंच्या पायाबद्दल बोलत होता. पलीकडच्यांना आमचं हसणं ऐकू गेलं असणार, कारण तिकडे एकदम शांत झालं.

ताई हसत नव्हत्या. त्या भिंतीकडे तोंड करून पाण्यात बसल्या होत्या, डोक्यावर घडी केलेला छोटा पंचा, गाल लालभडक.

भिंतीवरून शुइचीचा आवाज आला. "आई, उद्याचं पोलीस कचेरीचं मी रद्द करतो."

"तू करू नकोस," ताई म्हणाल्या. "लायसन माझं आहे. द्यायचं तेव्हा मी देईन. पाय चुकला तर तुमच्या आधी मला कळेल, मी लपवणारी नाही."

शेवटचं ऐकून गेन्साकु परत खोकले.

ताईंनी डोक्यावरचा पंचा काढून हातात घेतला. "आणि अहो, तुम्हीही ऐका. पुढच्या वेळी मी म्हटलं की मी केलं नाही, तर आधी गाडी तपासायची. मग मला."

मित्सुएचं हसू थांबलं. माझ्या हातातलं फडकं थांबलं.

मग तोकुजिरो म्हणाले, "हो."

पुढे काहीतरी येईल म्हणून मी वाट बघितली. सूचना, सबब, निदान एखादा पण. ते काही आलं नाही. ताईंनी डोळे मिटले आणि पाण्यात हनुवटीपर्यंत सरकल्या.